फुले, पट्टे आणि चौकड्या एकाच खोलीत
घर आणि सजावट : वाचकांची पत्रे, आमची उत्तरे

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की पडदे, अभ्रे आणि रंगकामाची पत्रे वाढतात. या वेळी बहुतेकांची अडचण एकच आहे : आवडलेल्या दोन-तीन नक्ष्या घरात आणल्या आणि त्यांचे एकमेकींशी जमेना. सारखी पत्रे एकत्र केली आहेत. मापे सेंटिमीटरमध्ये आहेत. शिंप्याला इंचात सांगायची असतील तर २.५४ ने भागा.

प्रश्न : पर्वरीच्या फ्लॅटमधला आमचा हॉल १२ बाय १४ फुटांचा. सोफ्याला फुलांचे कापड, पडद्यांवर पाने, खाली गालिच्यावर गोल नक्षी. तिन्हींत निळा आणि हिरवा हेच रंग मुद्दाम निवडले, तरी खोली गजबजलेली वाटते. रंग जुळूनही असे का? (सोबत फोटो आहेत.)

उत्तर : रंग जुळले आहेत, आकार जुळायला नको होते ते जुळले आहेत. फोटोंवरून सोफ्यावरचे फूल १२ सेंटिमीटरच्या आसपास दिसते, पडद्यावरचे पान १०-११ आणि गालिच्यावरचे वर्तुळ १४-१५. तिन्ही नक्ष्या एकाच मापाच्या, म्हणून कुणीच पुढे येत नाही आणि कुणीच मागे सरत नाही. फूटपट्टी लावून तुम्हीही मोजून पाहा.

साधारण हिशेब असा ठेवा. एक नक्षी मोठी, २५ ते ३० सेंटिमीटरची. दुसरी तिच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे ८ ते १०. तिसरी बारीक, एक-दोन सेंटिमीटरची. शिवाय जात वेगळी हवी : एक वेलबुट्टीची असेल तर दुसरी पट्ट्यांची किंवा चौकड्यांची, तिसरी ठिपक्यांची. फुले आणि पाने ही एकाच जातीची झाली, दोन्ही वळणदार. शेजारी एक सरळ रेघ आल्याशिवाय ती उठून दिसत नाहीत. चौकडी फारच बारीक, एक-दोन मिलिमीटरची असेल तर चार-पाच मीटरवरून ती दिसतच नाही. तांबडी-पांढरी बारीक चौकडी दारातून गुलाबी वाटते. ती नक्षी म्हणून न मोजता रंग म्हणून मोजा, आणि दुकानात कापड हातात धरून नव्हे, तर काउंटरपासून लांब उभे राहून पसंत करा.

दुसरी गोष्ट कापडाच्या जमिनीची, म्हणजे नक्षीमागच्या रंगाची. तुमच्या सोफ्याची जमीन सायीसारखी पिवळसर आहे आणि पडद्याची पांढरीशुभ्र. बहुतेक लोक निळ्याशी निळा जुळवतात आणि पांढरा हा रंगच नाही असे समजून सोडून देतात. प्रत्यक्षात खोलीत सर्वांत जास्त जागा त्या पांढऱ्यानेच अडवलेली असते. शुभ्र पांढऱ्याशेजारी मलई रंग धुवट, मळका दिसतो आणि दोष नक्षीवर जातो. छपाईचा साधा कागद दोन्ही कापडांवर ठेवून खिडकीजवळ सकाळी बघा, मग रात्री दिव्याखाली बघा. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा यांत एकच कापड दोन वेगळ्या रंगांचे भासते, म्हणून आधी हॉलमधले सगळे दिवे एका जातीचे करा.

आता मोजणीत न धरलेल्या नक्ष्या : खिडकीच्या ग्रिलची जाळी, फरशीतल्या संगमरवरासारख्या शिरा, पुस्तकांचे कपाट. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत उघडी ठेवलेल्या घरांत सिमेंटच्या दरजांची जाळी ही मोठी चौकडीच असते, आणि कौलांखाली वासे दिसत असतील तर ते पट्टे झाले. एवढे सगळे धरून खोलीतला निदान अर्धा भाग सपाट, बिननक्षीचा राहायला हवा.

नवे काही विकत घेण्याआधी गालिचा गुंडाळून आठवडाभर बाजूला ठेवा. पावसात नाहीतरी त्याला कुबट वास येतो. पायाखाली काही हवेच असेल तर एकरंगी सुती सतरंजी घाला. ताग दिसायला छान, पण आपल्याकडच्या दमट हवेत लवकर बुरशी धरतो. मग सोफा आणि पडदे यांचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. दोन्ही कापडे सारखीच करडी आणि सारख्याच आकाराची दिसली तर पडदे बदलावे लागतील. जमीन सोफ्याच्याच मलई रंगाची, त्यावर एक-दीड सेंटिमीटरचे हिरवट पट्टे. सोफ्याचे कापड ठेवा. खोलीत तेच सर्वांत चांगले आहे.

प्रश्न : फोंड्याजवळ आमचे जुने घर आहे. चौकीभोवतीच्या (मधल्या अंगणाभोवतीच्या) खोलीत जुन्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स, तांबड्या-काळ्या-पिवळ्या. तिथल्या लाकडी खुर्च्यांना कुणबी कापडाच्या गाद्या शिवाव्यात असे मनात आहे. दोन्ही गोष्टी गोव्याच्याच, पण एकत्र चांगल्या दिसतील का?

उत्तर : दिसतील, मात्र दोन्ही गोव्याच्या आहेत हे त्याचे कारण नव्हे. तुमच्या टाइल्स २० सेंटिमीटरच्या असाव्यात आणि चार टाइल मिळून एक फूल होत असेल तर ती ४० सेंटिमीटरची नक्षी झाली. कुणबी कापडाची चौकडी तिच्यापुढे बारीकच. तांबडा दोन्हींत आहे. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणल्यापासून हे विणकाम स्टोल आणि सजावटीच्या कापडातही मिळू लागले आहे, पण त्यातला प्रत्येक तांबडा सारखा नसतो. काही विटकरीकडे झुकतो, काही राणी रंगाकडे. टाइलचा तांबडा विटकरी असतो. राणी छटेचा तुकडा तिथे ठेवलात तर तो सुटून वेगळा दिसेल. एखादा स्टोल किंवा पंचा नेऊन फरशीवर ठेवून बघा, मगच कापड घ्या.

शिवण्याआधी दोन कामे. ओला पांढरा फडका कापडावर मिनिटभर दाबून धरा. रंग उतरला तर कापड थंड पाण्यात वेगळे धुवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धूत राहा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो ही समजूत सोडा, त्याने काही होत नाही. दुसरे, हातमागाचे कापड आटते. शंभर सेंटिमीटरला पाच तरी आटेल असे धरून आधी धुऊन, वाळवून मगच बेतायला घ्या.

बेतताना कात्रीने सरळ रेघ मारू नका. कडेचा एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या फटीतून कापा. हातमागावर चौकडी किंचित तिरकी झालेली असते. पट्टीने सरळ कापलेत तर गादीच्या पुढच्या कडेला रेघ डावीकडे वर आणि उजवीकडे खाली दिसते, आणि चौकडीत ते लगेच डोळ्यांत येते. गाद्यांच्या कडेला पायपिंग तिरक्या कापाची, पण सपाट काळ्या कापडाची करा. फरशी आणि चौकडी यांच्यामध्ये तीच रेघ सीमा घालते. पडदे मात्र बिननक्षीचेच ठेवा.

फरशी पुसायला ॲसिड वापरू नका. या टाइलचा रंग वरच्या काही मिलिमीटर जाडीच्या सिमेंटच्या थरात असतो आणि ॲसिड तोच थर खाते. साधा सौम्य साबण पुरे. एखादी टाइल फुटली असेल तर जवळपास तशीच दिसणारी नवी बसवण्यापेक्षा त्यातल्याच एका रंगाची सपाट सिमेंट टाइल बसवा. ती दुरुस्ती म्हणून कळते, चूक म्हणून नाही.

प्रश्न : एकाच खिडकीच्या पडद्यांसाठी दुकानदार ७ मीटर कापड सांगतो, शिंपी साडेआठ. कोण फसवतो आहे? रॉड १८० सेंटिमीटर, पडद्याची उंची २१०, कापडाचा पन्हा १३७, मोठ्या फुलांची नक्षी. — म्हापसा

उत्तर : कुणीच नाही. दुकानदाराने सपाट कापडाचा हिशेब केला, शिंप्याने नक्षीचा.

रिंगांच्या पडद्याला रॉडच्या दुप्पट रुंदी लागते : ३६०. दोन पडद्यांच्या चार उभ्या कडा मुडपायला प्रत्येकी ४ प्रमाणे १६ मिळवा, ३७६ झाले. भागिले १३७ म्हणजे पावणेतीनच्या जवळ, म्हणून तीन पन्हे. (चुण्यांचे पडदे असतील तर दुपटीऐवजी अडीचपट धरा.) उंची २१०, खालची दुहेरी मुडप १५, वरची १०, मिळून २३५. तीन पन्हे गुणिले २३५ म्हणजे ७०५. दुकानदाराचे ७ मीटर इथून आले, आणि तेही पाच सेंटिमीटर कमीच.

आता नक्षी जिथून पुन्हा सुरू होते ते अंतर मोजा. दुकानात त्याला रिपीट म्हणतात. मोठ्या फुलांच्या कापडात ते बहुधा ६४ सेंटिमीटर असते. प्रत्येक पन्ह्यात फूल एकाच उंचीवर यायचे तर तुकडा पूर्ण रिपीटच्या पटीतच कापावा लागतो. २३५ ला चार रिपीट लागतात, म्हणजे २५६. तिनांचे ७६८. पहिले फूल वरच्या कडेला अर्धे न कापता हवे तिथे यावे म्हणून आणखी एक रिपीट : ८३२. शिंप्याने साडेआठ सांगितले ते बरोबर आहे. तेच रिपीट ४८ चे असते तर पाच रिपीटचे २४० झाले असते आणि सगळे मिळून ७ मीटर ७० मध्ये भागले असते. म्हणून कापड पसंत करतानाच रिपीट विचारा. मीटरला पन्नास रुपयांनी स्वस्त कापड एकूण महाग पडू शकते.

तीन पन्हे आणि पडदे दोन, म्हणजे एक पन्हा उभा चिरून अर्धा-अर्धा दोन्हीकडे जोडावा लागणार. तो अर्धा तुकडा भिंतीकडच्या बाजूला लावायला सांगा. खिडकीच्या मध्ये, जिथे दोन पडदे मिळतात, तिथे जोड आला की तोच आधी दिसतो. काही कापडांत नक्षी एका काठाला जिथे असते, दुसऱ्या काठाला अर्ध्या रिपीटने खाली उतरते. दोन काठ एकमेकांशेजारी धरून दुकानातच खात्री करा, कारण तसे असेल तर आणखी अर्धे रिपीट लागते.

सुती कापड असेल तर पूर्ण तागा धुऊनच बेता. धुतल्यावर रिपीटही आटतो, तेव्हा पुन्हा मोजा. पडदा फरशीपासून दीड-दोन सेंटिमीटर वर राहू द्या. जमिनीला टेकलेली कड पावसात ओल ओढते आणि काळे ठिपके तिथूनच सुरू होतात. प्रत्येक तुकड्यातून २१ सेंटिमीटरची पट्टी उरेल, ती पडदे बांधायच्या पट्ट्यांना वापरा. त्याच फुलांचे अभ्रे मात्र शिवू नका. संच विकत आणल्यासारखे दिसते.

प्रश्न : उभ्या पट्ट्यांनी छत उंच दिसते हे खरे का?

उत्तर : थोडेसे, आणि तेही खात्रीने नाही. आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच भासतो हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकातच दाखवले होते. फ्लॅटमध्ये पट्ट्यांपेक्षा पडद्याचा रॉड छतापासून १० सेंटिमीटरवर नेण्याचा परिणाम जास्त.

प्रश्न : ओट्याच्या मागे निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज पद्धतीच्या टाइल लावायच्या आहेत. ओटा २४० सेंटिमीटर लांब, वरच्या कपाटापर्यंत ६० सेंटिमीटर जागा. २० च्या टाइल घ्याव्यात की १५ च्या? ओट्याचा ग्रॅनाइट काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा आहे.

उत्तर : पंधराच्या. वीसच्या टाइलच्या तीन ओळी बसतात आणि चार टाइलची मिळून एक नक्षी असते, म्हणजे वरची ओळ अर्ध्या वर्तुळांची होणार. पंधराच्या चार ओळी म्हणजे दोन पूर्ण नक्ष्या.

पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली रंगवलेली आझुलेजोची (चकचकीत रंगीत टाइलवरची) चित्रे आहेत. तशी चित्रे लांब उभे राहून बघायची असतात. ओट्यापाशी आपण हातभर अंतरावर उभे असतो, तिथे प्रसंगचित्र तुकड्यातुकड्यांत दिसते. म्हणून पुनरावृत्तीची लहान नक्षीच घ्या.

लांबीला १६, उंचीला ४, मिळून ६४ टाइल. दहा टक्के जास्त धरून ७२ आणा आणि खोक्यांवरचा शेड क्रमांक एकच आहे ना, ते पाहा. आता सांध्यांचा हिशेब, कारण इथेच फसगत होते. दोन मिलिमीटरचे १५ उभे सांधे म्हणजे ३ सेंटिमीटर, सोळा टाइल त्या जागेत मावणार नाहीत. मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटिमीटर कापा. गवंडी एका टोकापासून लावत गेला तर सगळी काटछाट दुसऱ्या टोकाला दिसते. उंचीतही तीन सांधे आणि ओट्यालगतची फट मिळून आठ-नऊ मिलिमीटर वाढतात. ती काप वरच्या ओळीला, कपाटाखाली, म्हणजे झाकली जाते.

लावण्यापूर्वी सगळी नक्षी जमिनीवर कोरडी मांडा आणि प्रत्येक टाइलच्या मागे वरची बाजू दाखवणारा बाण खडूने काढा. एक टाइल पाव फेरा फिरली की वर्तुळाची रेघ तुटते, आणि ॲडहेसिव्ह सुकल्यावर ती काढणे म्हणजे शेजारच्या दोन फोडणे. सॉकेट नक्षीच्या मधोमध येत असेल तर वायरिंगच्या वेळीच सरकवून घ्या. शेगडीमागे सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट, फिकट करड्या रंगाचे. सिमेंटचे पांढरे ग्राउट हळदीने पिवळे पडते.

ग्रॅनाइटचे ठिपके ही तिसरी नक्षी. बदलता येत नसेल तर वरची कपाटे सपाट पांढरी ठेवा आणि फरशीवर काहीही नक्षी नको.

प्रश्न : बार्देशातल्या चिऱ्याच्या घरात एका भिंतीला मोठ्या पानांचा वॉलपेपर लावायचा आहे. भिंतीला खालून थोडी ओल दिसते. ओल बंद करणारा रंग देऊन त्यावर लावला तर?

उत्तर : नको. आधी परीक्षा करा : फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतून असतील तर पाणी भिंतीतून येते आहे; बाहेरून असतील तर हवेतला दमटपणा आहे आणि वारा खेळता ठेवून काम भागेल. चिरा पाणी ओढून घेतो. वर हवाबंद रंगाचा थर दिलात तर ओल तिथेच थांबत नाही, आणखी वर चढते आणि रंगासकट पोपडा सुटतो. वॉलपेपर त्याच्याबरोबर येईल.

अशा भिंतीला चुना आणि त्यावर स्टेन्सिल चांगले. कावीच्या कामात चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरून नक्षी काढतात, म्हणून ती सोलून निघत नाही. ते कसबी कारागिराचे काम आहे, पण विटकरी-पांढऱ्या रंगांची जोडी उसनी घेता येते. स्टेन्सिलचा ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवून कागदावर टिपून घ्या आणि ब्रश ओढण्याऐवजी उभा आपटा. ओला ब्रश ओढला की रंग साच्याखाली सरकतो आणि पानांच्या कडा फुटतात.

ओल नसलेल्या भिंतीला वॉलपेपर लावणारच असाल तर एक रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो. रिपीटचा हिशेब वर पडद्यांसाठी दिला तोच.

प्रश्न : चवथीला गणपतीच्या मागे भरजरी नक्षीचे कापड लावतो, पण फोटोत मूर्तीही दिसत नाही आणि माटोळीही (मूर्तीवर टांगलेली फळा-पानांची चौकट). काय चुकते?

उत्तर : माटोळीत नारळ, सुपारीचे घोस, तांबडी कवंडळे आणि कांगलांचे झुबके ही रानफळे, पाने, किती आकार आणि किती रंग लटकलेले असतात. त्यांच्या मागे जरीची बुट्टी आली की कवंडळ कुठले आणि बुट्टा कुठला ते कळत नाही. मागे सपाट कापड घ्या. हिरवा नको, पाने त्यात बुडतात. गडद तांबड्यावर कवंडळे हरवतात. मलई रंग किंवा फिकट पिवळसर सर्वांत सोयीचा, फक्त मूर्तीचे पीतांबर पिवळे असेल तर मलईच.

नक्षीची हौस काठावर भागवा. साडी आडवी टांगा : साधारण ११५ सेंटिमीटर उंची मिळते, साडेपाच मीटरची लांबी चुण्या घालून सव्वादोन मीटरमध्ये बसते आणि दोन्ही काठ वर-खाली सरळ ओळीत येतात. उभी टांगलीत तर दर ११५ सेंटिमीटरवर काठाचा उभा पट्टा येतो आणि मूर्तीच्या खांद्यापाशी नको तिथे रेघ उमटते. उंची जास्त हवी असेल तर दोन साड्या एकाखाली एक लावा आणि वरच्या साडीचा खालचा काठ आत दुमडा.

रेशमी साडीला टाचण्या टोचू नका, चिमटे लावा. पाच दिवसांचा गणपती असेल तर पिकलेली फळे तिसऱ्या दिवशी गळायला लागतात, म्हणून साडी माटोळीच्या चौकटीच्या बरोबर खाली न लावता वीतभर मागे, भिंतीकडे घ्या. समई आणि कापड यांत हातभर अंतर ठेवा, आणि पंखा चालू असताना कापड उडून ज्योतीपर्यंत पोहोचते का, ते समई लावण्याआधी बघून घ्या.